सेट नकली, राक्षस रबराचा, तरी जुन्या मालिका सोडवत का नाहीत?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुमची पंचविशी अजून व्हायची आहे. गेल्या वर्षभरात तुम्ही 'डॉक्टर हू'चे साठ-सत्तरच्या दशकातले भाग, 'ब्लेक्स सेव्हन', मूळ 'स्टार ट्रेक' आणि 'द प्रिझनर' असं बरंच काही पाहिलंत. मित्रांना दाखवलंत, तर ते नकली भिंती आणि रबरी प्राणी बघून हसत सुटले. ते दोष तुम्हालाही दिसतात, पण पुढचा भाग लावल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा हे आपल्याला खरंच आवडतं, की आपण फक्त वाईट गोष्टीची गंमत बघतोय, असा तुम्हाला प्रश्न पडलाय. शिवाय मूळ प्रत पाहावी की नवे इफेक्ट्स घातलेली, हेही तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं मल्टिकॅमेरा स्टुडिओत व्हिजन मिक्सर होते, म्हणजे चालू कार्यक्रमात एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्याची बटणं दाबणारी. पुढे जुन्या टेप स्वच्छ करून डिजिटल करण्याच्या कामात शिरले. त्यामुळे माझं उत्तर समीक्षकाचं नाही, कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्या माणसाचं आहे.

जुन्या गोष्टी आवडल्या की लोक पटकन 'स्मरणरंजन' म्हणून मोकळे होतात. तुमच्या बाबतीत तो मुद्दा निकालातच निघतो, कारण या मालिका संपल्या तेव्हा तुमचा जन्मही झाला नव्हता. 'इतकं वाईट की मजा येते' हे स्पष्टीकरणही मला पटत नाही. ती मजा एका संध्याकाळची असते. पाच जण जमतात, हसतात आणि विसरतात. वर्षभर रोज रात्री एकट्याने बसून कुणी तशी मजा घेत नाही. त्यापेक्षा एक करून पाहा. तुम्ही मागे नेऊन पुन्हा पाहिलेले प्रसंग आठवा. माझा अंदाज आहे की त्यात राक्षस फारसे नसतील. एका खोलीत दोन-तीन माणसं बोलताहेत, असेच प्रसंग जास्त असतील.

तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: दोष आणि गोडवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण एकीकडे डोळेझाक करून दुसरी घेतो, की दोन्हींचं मूळ एकच आहे? माझ्या मते मूळ एकच आहे. मात्र हे प्रत्येक मालिकेला सारखं लागू पडत नाही. मालिका फिल्मवर चित्रित झाली की व्हिडिओवर, तुमच्यासमोर कुठली प्रत आहे आणि तुम्ही एका बैठकीत किती भाग बघता, यावर बरंच अवलंबून आहे. 'द प्रिझनर' (१९६७-६८, सतरा भाग) आणि 'स्टार ट्रेक' (१९६६ ते १९६९, एकोणऐंशी भाग) ३५ मिलिमीटर फिल्मवर, एका कॅमेऱ्याने, सिनेमाच्या पद्धतीने चित्रित झाल्या. 'डॉक्टर हू' आणि 'ब्लेक्स सेव्हन' यांचे आतले प्रसंग मात्र व्हिडिओ स्टुडिओत, एकाच वेळी चार-पाच कॅमेरे लावून ध्वनिचित्रमुद्रित झाले. हे दोन वेगळे धंदे आहेत. तुमचे मित्र ज्यावर सर्वांत जास्त हसले ते बहुधा या दुसऱ्या प्रकारातलं असणार, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

एकच कथा घेऊ. 'डॉक्टर हू'मधली 'जेनेसिस ऑफ द डालेक्स', १९७५. टेरी नेशनचं लेखन, डेव्हिड मॅलोनीचं दिग्दर्शन, सहा भाग. तीत एका गुहेत महाकाय शिंपले आहेत आणि डॉक्टरच्या सोबत्याचा, हॅरीचा पाय त्यातल्या एकात अडकतो. शिंपल्याला स्वतःचं काही करता येत नाही. धडपड, वेदना, भीती, सगळं नटालाच करावं लागतं, आणि तरी त्या शिंपल्यावर कुणाचाही विश्वास बसत नाही. त्याच कथेत शेवटाकडे मालिकेचा नायक डॉक्टर एका दाराशी उभा आहे आणि त्याच्या हातात दोन वायरींची टोकं आहेत. ती एकमेकांना टेकवली की डालेक ही त्याच्या शत्रूंची जमात जन्माआधीच संपेल. पुढे मरणारी असंख्य माणसं वाचतील. पण एक अख्खी जमात नष्ट करण्याचा आपल्याला हक्क आहे का, असा प्रश्न तो मोठ्याने विचारतो. डॉक्टर झालेल्या टॉम बेकरचा चेहरा, बाजूला सोबती सारा आणि हॅरी, एक बोळ आणि दोन वायरी. एवढ्या सामग्रीवर उभा राहिलेला तो प्रसंग आज पन्नास वर्षांनीही अंगावर येतो.

दोन्ही प्रसंगांचा दिग्दर्शक एक, पैसा एकाच थैलीतला. मग फरक कशाचा? शिंपल्याच्या प्रसंगात पटवून देण्याची जबाबदारी चित्रावर टाकली होती आणि चित्राची तेवढी ताकद नव्हती. वायरींच्या प्रसंगात ती जबाबदारी शब्दांवर आणि नटावर होती. या मालिका म्हणजे मुळात ध्वनिचित्रमुद्रित नाटकं आहेत. नाटक म्हणून जिथे त्या चालतात तिथे थोर आहेत, आणि सिनेमा व्हायला जातात तिथे तोंडावर पडतात.

'नाटक' हा शब्द मी सैलपणे वापरत नाही. काम कसं चालायचं ते सांगते. साठच्या दशकात 'डॉक्टर हू'च्या एका भागाची तालीम आठवडाभर एखाद्या साध्या हॉलमध्ये व्हायची. जमिनीवर चिकटपट्ट्या लावून भिंती आणि दारं आखलेली असायची. मग स्टुडिओ मिळायचा एका दिवसापुरता. दिवसभर कॅमेऱ्यांसह तालीम, आणि संध्याकाळी जेमतेम तास-दीड तासात पंचवीस मिनिटांचा अख्खा भाग मुद्रित करायचा. तोही बहुतांशी क्रमाने, नाटकाच्या प्रयोगासारखा. दिग्दर्शक वर कंट्रोल रूममध्ये असायचा आणि व्हिजन मिक्सर त्याच क्षणी बटणं दाबत एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जायचा. संकलन तिथेच, चालू प्रयोगात होऊन जायचं.

मध्येच थांबून पुन्हा का घेत नव्हते? टेपमुळे. तेव्हाची टेप दोन इंच रुंद होती आणि तिची किंमत मोठी होती. जोड द्यायचा तर ती प्रत्यक्ष पात्याने कापावी लागायची, आणि कापलेली टेप पुन्हा वापरायला खराब व्हायची. त्यामुळे मुद्रण किती वेळा थांबवायचं यालाही मर्यादा असायची. नट अडखळला तर त्याने स्वतःच सावरून पुढे जायचं. पहिल्या डॉक्टरची भूमिका करणारा विल्यम हार्टनेल १९६३-६४ च्या डालेकच्या कथेत किरणोत्सर्गावरच्या औषधाऐवजी 'हातमोजे' म्हणून बसतो आणि त्याच श्वासात चूक सुधारतो. ते तसंच प्रक्षेपित झालं. अमेरिकेत 'डार्क शॅडोज' (१९६६ ते १९७१) ही दुपारची मालिका याच पद्धतीने व्हायची. तिचे १,२२५ भाग झाले, आणि फ्रेममध्ये डोकावणारा लांब दांडीवरचा बूम माइक, विसरलेली वाक्यं, चुकून शॉटमध्ये आलेला तंत्रज्ञ हे सगळं त्यात जपून राहिलंय.

पॅनेलवर बसलेल्या माणसाला या अवस्थेत काय वाटतं ते मला माहीत आहे. पुढच्या पंचवीस मिनिटांत जे होईल तेच घराघरांत जाणार, हे खाली फ्लोअरवर प्रत्येकाला ठाऊक असतं. नटांच्या आवाजात एक ताण येतो, ऐकण्यात एकाग्रता येते. समोरचा पुढचं वाक्य विसरेल की काय, या सावधपणामुळे ते एकमेकांकडे खरंच बघतात, खरंच ऐकतात. तुकड्यातुकड्यांत चित्रित केलेल्या, नंतर जुळवलेल्या प्रसंगात ही एकाग्रता क्वचित सापडते. हार्टनेलचं अडखळणं आणि त्याच्या दृश्यातला जिवंतपणा एकाच पद्धतीतून आले. एक हवं आणि दुसरं नको, असं करता येत नाही.

आता प्रकाश. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण प्रेक्षक 'स्वस्त सेट' म्हणतात तेव्हा दहातल्या आठ वेळा त्यांना खटकलेली असते ती प्रकाशयोजना. एक कॅमेरा असेल तर त्याच्यापुरती सावली पाडता येते, भिंत अंधारात ढकलता येते, राक्षसाची फक्त कड उजळवता येते. चार कॅमेरे चार कोनांतून बघत असतील, वर बूम फिरत असेल आणि त्याची सावली कुणाच्याच फ्रेममध्ये येऊ द्यायची नसेल, तर सगळीकडे सपाट, भरपूर उजेड करावा लागतो. त्या काळच्या ट्यूब कॅमेऱ्यांनाही उजेड लागायचाच. अशा उजेडात महालसुद्धा पुठ्ठ्याचा दिसेल. भिंती खरोखर हलताना फार कमी वेळा दिसतात. त्या हलतील असं सतत वाटत राहतं, आणि ते वाटणं प्रकाशामुळे येतं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण 'डॉक्टर हू'च्या १९८४ च्या 'वॉरिअर्स ऑफ द डीप' या कथेतला मर्का नावाचा समुद्री प्राणी. लेखकाच्या डोक्यात समुद्रतळावरचं अंधारं, कोंदट ठाणं होतं. पण ब्रिटनमध्ये १९८३ च्या जूनमधली निवडणूक जाहीर झाली, बीबीसीला स्टुडिओ निवडणुकीच्या कार्यक्रमांसाठी हवे होते, आणि या कथेच्या तारखा अलीकडे ओढल्या गेल्या. आत दोन माणसं शिरून चालवायचा तो प्राणी सेटवर आला तेव्हा त्याचा रंगही वाळला नव्हता. शिवाय ठाणं होतं लख्ख, पांढऱ्या उजेडात. तोच प्राणी धुरात, अर्ध्या अंधारात, दोन-दोन सेकंदांच्या शॉटमध्ये दाखवला असता तर आज त्याची चेष्टा झाली नसती. पण तसं करायला वेळ लागतो, आणि रात्री दहाला स्टुडिओ बंद करायचा ही बीबीसीतली शिस्त होती. पैशापेक्षा वेळेची टंचाई या मालिकांना जास्त नडली, असं माझं मत आहे.

याउलट १९५३ ची 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' ही बीबीसीची मालिका पाहा. म्हणजे तिचे उरलेले दोनच भाग पाहा, सहापैकी. ती थेट प्रक्षेपित होत असे, मुद्रणाचाही आधार नाही. शेवटी वेस्टमिन्स्टर ॲबीत पसरलेला अक्राळविक्राळ जीव दाखवायचा होता. लेखक नायजेल नील आणि त्याची होणारी बायको जुडिथ केर यांनी हातमोज्यांना पानं-फांद्या चिकटवून तो घरीच बनवला. ॲबीच्या आतल्या भागाचा मोठा फोटो उभा केला, त्याला भोकं पाडली, आणि नीलने मागून त्यातून हात घालून बोटं वळवळवली. त्या सहा आठवड्यांत त्या जिवाच्या आत अडकलेल्या माणसाबद्दल प्रेक्षकाला इतकं सांगून झालं होतं, की शेवटी पडद्यावर हातमोजे होते याने काही बिघडलं नाही.

टंचाईतून काही गोष्टी अशाही जन्मल्या की त्यांच्याशिवाय या मालिकांची कल्पनाच करता येत नाही. डॉक्टरचं यान दरवेळी आसपासच्या वस्तूंचं रूप घेणार होतं. पण दर आठवड्याला नवं यान परवडणार नाही म्हणून त्यातलं यंत्र बिघडलं असं ठरलं, आणि यान कायमचं निळी पोलीस पेटी, म्हणजे पोलिसांना फोन करायची रस्त्यावरची खोकी होऊन बसलं. 'स्टार ट्रेक'मध्ये दर भागात यान ग्रहावर उतरवणं खर्चाचं होतं, म्हणून माणसंच झगमगत विरघळून खाली प्रकटतात. त्यामुळे कथा पहिल्या मिनिटातच ग्रहावर पोहोचते, हा फायदा वेगळाच. 'थंडरबर्ड्स'च्या (१९६५-६६) बाहुल्यांना धड चालता यायचं नाही, म्हणून त्या सरकत्या पट्ट्यांवर आणि उडत्या वाहनांवर दिसतात, आणि त्यातूनच त्या जगाला भविष्याचा थाट आला. त्याच मालिकेत डेरेक मेडिंग्जने छोटी मॉडेल्स जास्त वेगाने चित्रित केली, म्हणजे पडद्यावर स्फोट आणि धूळ संथ, अवजड वाटावी. पाण्याचे थेंब मात्र मॉडेलच्या मापाने लहान करता येत नाहीत, म्हणून समुद्राच्या दृश्यांत गुपित उघडं पडतं. हे मुद्दाम बघा. कुठे युक्ती चालते आणि कुठे निसर्ग नियम वाकवू देत नाही, हे कळण्यात फार मजा आहे.

ध्वनीकडे तर लोकांचं लक्षच जात नाही. रॉन ग्रेनरने लिहिलेली 'डॉक्टर हू'ची सुरावट १९६३ साली बीबीसी रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बिशायरने टेपचे तुकडे कापून, जोडून, वेग बदलून घडवली. तेव्हा त्या कामासाठी सिंथेसायझर नव्हता. टार्डिसचा, म्हणजे डॉक्टरच्या यानाचा तो घरघरणारा आवाज ब्रायन हॉजसनने जुन्या पियानोच्या खालच्या तारांवर घराची किल्ली घासून काढला. चित्र जिथे कमी पडत होतं तिथे आवाजाने अर्धं जग उभं केलं. डोळे मिटून एखादा भाग ऐका, म्हणजे पटेल.

आणि 'ब्लेक्स सेव्हन'. तुम्ही लिहिलंय की तिच्यावर मित्र सर्वांत जास्त हसले, आणि तीच तुम्हाला सर्वांत जास्त आवडते. मला याचं मुळीच आश्चर्य वाटत नाही. जानेवारी १९७८ ते डिसेंबर १९८१, बावन्न भाग. क्रांतिकारक म्हणवणारी ही माणसं एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत, आणि पटकथा-संपादक ख्रिस बाउचरने त्यांच्या तोंडी घातलेलं बोलणं असं धारदार आहे की भिंतीकडे बघायला सवड मिळू नये. चौथ्या मोसमातला 'ऑर्बिट' हा रॉबर्ट होम्सने लिहिलेला भाग पाहा. त्या टोळीतले एव्हन आणि व्हिला एका छोट्या यानात आहेत. यान ग्रहाच्या ओढीतून सुटत नाही. सत्तर किलो वजन कमी करायला हवं. फेकता येईल ते सगळं फेकून झालं तरी पुरत नाही. मग संगणक शांतपणे सांगतो की व्हिलाचं वजन त्र्याहत्तर किलो आहे. त्यानंतर एव्हन हातात बंदूक घेऊन, गोड आवाजात हाका मारत त्याला शोधत फिरतो, आणि व्हिला एका कोपऱ्यात तोंड दाबून बसलेला असतो.

पुढे एव्हनला कळतं की हे जादा वजन एका छोट्या पारदर्शक पेटीतल्या कणाचं आहे. आता मी ज्यासाठी हा भाग निवडला ते बघा. ती पेटी प्लास्टिकची आहे, हलकी आहे, हे आपल्याला दिसतंय. एव्हन झालेला पॉल डॅरो तिला खांदा लावतो, पाय रोवतो, चेहरा लाल होईपर्यंत ढकलतो, आणि पेटी जड होते. तिला दुसरा कुठलाही इफेक्ट नाही. वजन नटाने आणलं, आणि ते खरं मानून तुम्ही त्याला साथ दिलीत. तुम्हाला जी ओढ वाटते ती मला या जागी दिसते. आजच्या इफेक्टमध्ये पेटी आधीच जड असते. प्रेक्षकाला काही करायचं उरत नाही. इथे तुम्ही निम्मं काम करता, म्हणून तो प्रसंग तुमचाही होतो.

पण म्हणून जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. याच टंचाईत बनलेल्या पुष्कळ मालिका नुसत्या कंटाळवाण्या आहेत. 'स्टार ट्रेक'चा तिसरा मोसम कमी पैशांत आणि शुक्रवारी रात्री दहाच्या पडेल वेळेत गेला, आणि त्यातल्या बऱ्याच भागांचा थकवा लपत नाही. सहा भागांच्या 'डॉक्टर हू'मध्ये चौथा-पाचवा भाग पकडणं, सुटणं, पुन्हा पकडणं यातच जातो. मात्र इथे थोडा दोष आपल्या बघण्याचाही आहे. या कथा आठवड्याला एक भाग अशा बघण्यासाठी रचलेल्या होत्या. पाठोपाठ सहा भाग लावले की तीच धावपळ डोक्यात भणभणते. रोज एकच भाग बघा, त्या मधल्या भागांचा निम्मा जाच कमी होईल.

आणि काही दोष असे आहेत की त्यांना गोडवा म्हणायला मी तयार नाही. 'द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग' (१९७७) ही त्याच रॉबर्ट होम्सची 'डॉक्टर हू'मधली कथा लेखन, वातावरण, अभिनय या सगळ्यांत वरच्या दर्जाची आहे. तिच्यातल्या मोठ्या उंदराला माझी सहज माफी आहे. पण चिनी जादूगाराच्या भूमिकेत गोऱ्या नटाला रंगरंगोटी करून उभं केलंय, आणि चिनी माणसांचं एकूण चित्रण अपमानास्पद आहे. ते ना वेळेच्या टंचाईतून आलं, ना तंत्राच्या. ती निवड होती. मित्रांना दाखवाल तेव्हा हा फरक तुम्हीच आधी सांगा. रबराला हसून सोडून देता येतं, याला नाही.

इथवरचं थोडक्यात: आतल्या प्रसंगांत सपाट उजेड, अडखळणारी वाक्यं आणि उघड्या पडलेल्या युक्त्या ज्या पद्धतीमुळे आल्या, त्याच पद्धतीमुळे लेखनावर आणि नटांवर सगळा भार पडला, आणि चांगल्या हातांनी तो पेलला. तुम्हाला आवडतं ते हे पेलणं.

आता प्रतींचा प्रश्न. हा माझ्या रोजच्या कामाचा विषय, म्हणून जरा तपशिलात जाते. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत टेप पुसून पुन्हा वापरल्या. टेप महाग होती, नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या, आणि रंगीत चित्रवाणी आल्यावर कृष्णधवल कार्यक्रमांना गिऱ्हाईक राहिलं नाही. आज आपल्याकडे त्या काळातलं जे आहे त्यातलं बरंचसं परदेशात विकायला काढलेल्या फिल्म प्रतींमधून आलंय. म्हणजे मॉनिटरवर चाललेलं चित्र १६ मिलिमीटर फिल्मवर उतरवून घेतलेलं. 'डॉक्टर हू'चे नव्वदहून अधिक भाग यात गेले. त्यांचा ध्वनी मात्र सगळाच्या सगळा आहे, कारण काही चाहत्या मुलांनी घरी टीव्ही लावून तो टेपरेकॉर्डरवर घेऊन ठेवला होता. या गोष्टीबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

सापडलेल्या भागांनी मतंही बदलली. 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' या १९६७-६८ च्या सहा भागांच्या कथेतला फक्त तिसरा भाग शिल्लक होता, आणि तो सर्वांत संथ. त्यावरून सगळी कथाच रटाळ ठरली होती. बाकीचे भाग नायजेरियात सापडले, २०१३ मध्ये लोकांसमोर आले, आणि दुसरा डॉक्टर झालेल्या पॅट्रिक ट्राउटनची दुहेरी भूमिका बघून तिची गणना एकदम चांगल्या कथांत होऊ लागली. एका सुट्या भागावरून किंवा यूट्यूबवरच्या तुकड्यावरून निकाल देऊ नये, असं मी म्हणते ते यासाठी.

प्रत निवडताना चित्राच्या हालचालीकडे बघा. मूळ व्हिडिओ सेकंदाला पन्नास फील्ड, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या चौकटी दाखवायचा, म्हणून हालचाल सलग आणि समोर घडल्यासारखी वाटायची. फिल्मवर उतरवताना ती पंचवीस चौकटींवर आली आणि तो जिवंतपणा गेला. चांगल्या डीव्हीडींवर व्हिडफायर नावाच्या प्रक्रियेने ती मधली हालचाल पुन्हा घडवली आहे. तशी प्रत मिळाली तर तीच घ्या. फरक इतका आहे की कथा जुन्या सिनेमासारखी न वाटता समोर चाललेल्या प्रयोगासारखी वाटते. सत्तरच्या दशकातल्या काही रंगीत भागांच्या फक्त कृष्णधवल फिल्म उरल्या होत्या. पण फिल्मवर रंगाच्या सिग्नलचे बारीक ठिपके नकळत उमटले होते, आणि त्यांवरून मूळ रंग परत मिळवले गेले. 'द माइंड ऑफ ईव्हिल'चे (१९७१) बहुतेक भाग असे परत रंगीत झाले. हे काम पाहिलं की मी आजही थक्क होते.

नव्या इफेक्ट्सबद्दल माझा कल मूळ प्रतीकडे आहे, पण हट्ट नाही. 'स्टार ट्रेक'ला २००६ पासून संगणकावरची नवी अवकाशदृश्यं जोडली गेली. ती नीट केलेली आहेत आणि ब्लू-रेवर दोन्हींपैकी हवं ते निवडता येतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला नवी चालतील. मला स्वतःला ती टोचतात, कारण बाहेर गुळगुळीत यान आणि आत यानाचा नियंत्रण कक्ष म्हणून प्लायवूडचा ब्रिज अशी दोन वेगळी जगं एका भागात येतात. मूळ मॉडेल आणि मूळ सेट एका वयाचे, एका हाताचे वाटतात. भाग छाटून रंगवलेल्या नव्या आवृत्त्यांना, उदाहरणार्थ पहिल्या डालेक-कथेची २०२३ ची पंचाहत्तर मिनिटांची आवृत्ती, मी ओळख करून देणारी पायरी मानते. मूळ सात भागांची जागा ती घेऊ शकत नाही.

एक काम आजच करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंग बंद करा आणि चित्र ४:३ वरच ठेवा, ताणू नका. 'डॉक्टर हू' आणि 'ब्लेक्स सेव्हन'मध्ये बाहेरचे प्रसंग फिल्मवर आणि आतले व्हिडिओवर असतात, आणि दार उघडून बाहेर पडताच चित्राचा पोत बदलतो. हा बदल इतका ठळक होता की मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींनी त्यावर एक अख्खं प्रहसन केलं. स्मूदिंग चालू असेल तर दोन्ही सारखेच लिबलिबीत दिसतात.

राहता राहिले तुमचे मित्र. त्यांना शिंपले आणि मर्का दाखवून सुरुवात करू नका. 'द प्रिझनर'चा पहिला भाग दाखवा. वेल्समधल्या पोर्टमेरिअनमध्ये चित्रित झालेला तो आजही देखणा आहे, आणि किनाऱ्यावरून गडगडत येणारा तो पांढरा फुगा मूळ यंत्र ऐनवेळी फसल्यामुळे आणलेला हवामानाचा फुगा आहे, हे त्यांना बघून झाल्यावरच सांगा. मग 'स्टार ट्रेक'मधला 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर'. त्यानंतर व्हिडिओवर या, आणि तिथे 'डॉक्टर हू'मधली 'द रोबॉट्स ऑफ डेथ' (१९७७) लावा. बाउचरनेच लिहिलेली चार भागांची खूनकथा आहे, वाळवंटात फिरणाऱ्या एका प्रचंड खाणयंत्रात घडणारी. तिथले यंत्रमानव मुळातच घडवलेल्या, कोरीव, निर्विकार चेहऱ्याचे आहेत. मुखवटा मुखवटाच म्हणून समोर येतो, माणसाची कातडी असल्याचा आव आणत नाही, त्यामुळे हसायला जागाच राहत नाही. सेट, वेश, चेहरे सगळं एकाच शैलीत बेतलेलं आहे, आणि कमी साधनांत असं बेतणं किती उपयोगी पडतं ते त्यात नीट दिसतं.

'ब्लेक्स सेव्हन' त्यानंतर, पहिल्या भागापासून, क्रमाने. 'ऑर्बिट' एकटा काढून दाखवण्याचा मोह होईल, पण तो टाळा. एव्हन किती वेळा व्हिलाचा जीव वाचवतो आणि व्हिला त्याच्यावर किती विसंबून असतो, हे आधी पाहिलेलं नसेल तर त्र्याहत्तर किलोचा अर्थ त्यांना अर्धाच कळेल.